वसईची पाखरे : छंद एक, वाटा अनेक

उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस उल्हास नदी समुद्रास मिळते ती वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि पूर्वेस तुंगारेश्वराची डोंगररांग, अशा चतुःसीमांत वसई-विरारचा प्रदेश वसलेला आहे. चिमाजीअप्पांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेला किल्ला, प्राचीन काळी शूर्पारक म्हणून विख्यात असलेले सोपारे बंदर आणि केळी, पानवेली व फुलांच्या वाड्या यांमुळे हा भाग महाराष्ट्राला सुपरिचित आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्या जिल्ह्यातील सर्वाधिक लोकवस्तीचा तालुका तो हाच. या प्रदेशाची आणखी एक ओळख मात्र अद्याप म्हणावी तितकी रूढ झालेली नाही. समुद्रकिनारा, खाडी, मिठागरे, गोड्या पाण्याची तळी, बागायत आणि डोंगरी अरण्य हे सारे अवघ्या काही कोसांच्या टापूत एकत्र आल्यामुळे येथे पक्ष्यांची विविधता विपुल आढळते. पक्षिनिरीक्षणाचा छंद जडलेल्या माणसाला वसई-विरारसारखे क्षेत्र सहसा मिळत नाही.

पक्षिनिरीक्षण म्हणजे महागडी दुर्बीण गळ्यात अडकवून रानोमाळ भटकणे, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात हा छंद ज्याला जसा झेपेल तसा जोपासता येतो. कोणी तो घराच्या ओटीवर बसून करतो, कोणी आगगाडीच्या खिडकीतून, तर कोणी चिखल तुडवीत. त्यातून मिळणारा आनंद हेच त्याचे पहिले फळ होय. परंतु पाहिलेल्याची तारीखवार नोंद ठेवण्याची सवय जडली, की हाच खासगी आनंद सार्वजनिक उपयोगाचा ठरतो. ज्या गावाची जमीन आणि पाणी झपाट्याने पालटत आहे, त्या गावाला अशा नोंदींची गरज अधिक भासते. या छंदाच्या विविध वाटा आणि त्यांचा सामाजिक उपयोग यांचा परिचय अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांना व्हावा, हा या लेखाचा उद्देश आहे.

पाखरांना ही भूमी का भावते?

वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांमध्ये बावखले असतात. बावखल म्हणजे वाडीत खोदलेले गोड्या पाण्याचे तळे. पावसाळ्यात ते भरते, त्यातील पाणी जमिनीत मुरते आणि समुद्र हाकेच्या अंतरावर असूनही आसपासच्या विहिरींना गोडे पाणी मिळते. या बावखलांच्या काठी लाजरी पाणकोंबडी, खंड्या आणि वंचक बगळा हमखास दृष्टीस पडतात. वाडीतील आंबा, चिंच, वड यांच्या आश्रयाने दयाळ, तांबट, हळद्या, भारद्वाज, बुलबुल आणि कोतवाल नांदतात. ताडाच्या झावळ्यांना लोंबणारी सुगरणीची घरटी हे तर या भागाचे जुने भूषणच आहे.

वाड्यांपासून थोडे दूर, खाडीच्या बाजूस गेले की खाजणे, खारफुटीची दाट झाडी आणि मिठागरे लागतात. नायगाव-वसई परिसरातील मिठागरांचे उथळ कुंड, त्यांमधील मातीचे बांध आणि ओहोटीच्या वेळी उघडा पडणारा खाडीतील चिखल ही पाणपक्ष्यांची मोठी भोजनशाळा होय. लांब तांबड्या पायांचा शेकाट्या, पांढरे बगळे, शराटी, तुतवार, चिखल्या, पाणटिवळा असे अनेक पक्षी येथे एकाच वेळी चरताना दिसतात. अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कुरव आणि सुरय यांचे थवे उतरतात.

पूर्वेकडील तुंगारेश्वराचे अरण्य हे या चित्राचे तिसरे अंग. सुमारे ८५ चौरस किलोमीटरचे हे क्षेत्र २००३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि शहापूरकडील तानसा अभयारण्य यांना जोडणारा दुवा म्हणूनही त्यास महत्त्व आहे. धोधो पावसात ओढ्याकाठी माणसाप्रमाणे शीळ घालणारा पर्वत कस्तूर, लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक आणि सर्पगरुड हे अशा डोंगरी वनाचे रहिवासी. सकाळी डोंगर आणि सायंकाळी समुद्र, असा दुहेरी लाभ एकाच दिवसात मिळावा ही येथील पक्षिनिरीक्षकांची खरी चैन आहे.

एकाच चिखलात अनेकांची पंगत

खाडीच्या चिखलावर शेकडो पक्षी एकत्र चरत असता त्यांच्यात अन्नावरून फारसा कलह होत नाही, हे पाहून नवख्याला नवल वाटते. याचे उत्तर त्यांच्या चोचींमध्ये आहे. चिखल्याची चोच आखूड, पण डोळे मोठे. तो चार पावले धावतो, थबकतो आणि पृष्ठभागावरील किडा टिपतो. तुतवाराची चोच मध्यम लांबीची असल्याने तो वरच्या थरातील कृमी शोधतो. पाणटिवळ्याची सरळ लांब चोच आणखी खाली पोहोचते. कुरलाची खाली वळलेली लांबलचक चोच तर बिळात दडलेल्या खेकड्याला आणि कृमीलाही बाहेर काढते. अशा पक्ष्यांच्या चोचीचे टोक स्पर्शज्ञान देणाऱ्या सूक्ष्म पेशींनी युक्त असते; त्यामुळे डोळ्यांना न दिसणारे भक्ष्य त्यांना चिखलात चाचपता येते. रोहित पक्ष्याची तऱ्हा आणखी निराळी. तो डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवितो आणि पाणी गाळून सूक्ष्म शैवाल व जीव वेगळे करतो. त्या आहारातील रंगद्रव्यांमुळेच त्याच्या पिसांना गुलाबी छटा येते.

या पंगतीतील पुष्कळसे पक्षी दूरदेशीचे पाहुणे असतात. तपकिरी डोक्याचा कुरव उन्हाळ्यात लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी वीण करतो आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतो. वजनाने पंचवीस-तीस ग्रॅमच्या आसपास भरणारा छोटा टिलवा सैबेरियाच्या उत्तर टोकाकडील प्रदेशातून येतो. या जातकुळीतील पक्ष्यांची उड्डाणशक्ती किती विलक्षण असते, याचे एक उदाहरण २०२२ मध्ये जगापुढे आले. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचे अवघ्या पाच महिन्यांचे एक पिल्लू अलास्काहून निघून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात पोहोचले. ११ दिवसांच्या या प्रवासात ते कोठेही उतरले नाही आणि त्याने सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर कापले, असे त्याच्या अंगावरील उपग्रह-यंत्रावरून सिद्ध झाले. आपल्याकडे येणाऱ्या पाहुण्यांनाही अशा प्रवासासाठी वाटेतील विसाव्याच्या आणि अन्नाच्या जागा शाबूत असाव्या लागतात. एखादे खाजण बुजले, तर त्याचा परिणाम हजारो किलोमीटरवरील विणीच्या प्रदेशापर्यंत पोहोचू शकतो.

तिथी, भरती आणि पक्षी

डोंगरातील पक्षी पाहायचे तर भल्या पहाटे निघावे, हा नियम सर्वांना ठाऊक असतो. किनाऱ्यावरील पक्ष्यांचे घड्याळ मात्र सूर्यापेक्षा चंद्रावर अधिक अवलंबून असते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो आणि पक्षी दूरवर पांगून चरू लागतात. भरतीचे पाणी चढू लागले की ते काठाकडे सरकतात आणि पूर्ण भरतीच्या वेळी मिठागरांच्या बांधांवर वा उंचवट्यांवर एकत्र विसावतात. म्हणून भरती चढत असतानाचे दोन तास निरीक्षणास सर्वांत अनुकूल असतात. पक्षी आपण होऊन जवळ येतात. त्यांच्या मागे धावावे लागत नाही.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील दर्यावर्दींचा जुना हिशेब येथे उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार; म्हणजे पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी, पावणेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. दशमीला हीच भरती साडेसातच्या सुमारास येते. दोन भरत्यांमधील अंतर सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असल्याने वेळ रोज थोडी पुढे सरकते. भिंतीवरील पंचांग आणि समुद्रकाठचे पक्षी यांचा असा संबंध जुळविता आला, तर विद्यार्थ्यांना गणित, भूगोल आणि निसर्ग यांचा एकत्रित पाठ मिळतो.

छंदाच्या नाना वाटा

या छंदाकडे वळणाऱ्या माणसांच्या वृत्ती भिन्न असतात आणि त्यानुसार त्यांच्या वाटाही भिन्न होतात.

पहिला वर्ग घरच्या घरी पक्षी पाहणाऱ्यांचा. परसात पाण्याचे उथळ भांडे ठेवणारी गृहिणी, वाडीत शिंपण करताना दयाळाचे गाणे ऐकणारा बागायतदार आणि गच्चीतून घारीचे घरटे न्याहाळणारे निवृत्त गृहस्थ हे सारे पक्षिनिरीक्षकच होत. २०२० च्या टाळेबंदीत घराबाहेर पडणे अशक्य झाले, तेव्हा अनेकांना या वाटेचा शोध लागला. एकच जागा वर्षभर पाहत राहिल्याने कोणता पक्षी कोणत्या महिन्यात आला, कोणी घरटे बांधले, कोणाची पिल्ले उडाली, हे ध्यानात येते. दूर भटकणाऱ्याला ही सलगता साधत नाही.

दुसरा वर्ग प्रवाशांचा. नायगाव ते भाईंदर या स्थानकांदरम्यान पश्चिम रेल्वेची गाडी वसईच्या खाडीवरून, पाणजू बेटाच्या अंगाने जाते. विरारच्या उत्तरेस ती वैतरणेचे पात्र ओलांडते. रोजच्या गर्दीतही खिडकीशी जागा मिळालेल्या प्रवाशाला बगळे, पाणकावळे, ब्राह्मणी घार आणि कधी चित्रबलाक यांचे ओझरते दर्शन घडते. रोज त्याच वाटेने, त्याच वेळी जाणाऱ्या माणसाची निरीक्षणे एकमेकांशी ताडून पाहता येतात, हे त्यांचे वैशिष्ट्य.

तिसरा वर्ग यादी करणाऱ्यांचा. आयुष्यात किती जाती पाहिल्या, एका वर्षात किती, एका गावात किती, असा हिशेब ठेवण्यात त्यांना रस वाटतो. यात थोडी चुरस असते, पण तिच्यामुळे दृष्टी तीक्ष्ण होते आणि एकसारख्या दिसणाऱ्या दोन चिखल्यांमधील सूक्ष्म भेद उमगू लागतो.

चौथा वर्ग श्रोत्यांचा. ऐन उन्हाळ्यात 'पेरते व्हा' अशी हाळी देणारा पावशा, दुपारच्या उन्हात ठोके घालणारा तांबट, रात्री ओरडत जाणारी टिटवी यांना पाहण्याआधी ऐकले जाते. घनदाट रानात तर कानच अधिक उपयोगी पडतात. दृष्टिहीन व्यक्तींनाही या वाटेने छंदाचा पूर्ण आनंद घेता येतो. आता भ्रमणध्वनीवरील 'मर्लिन'सारखी साधने आवाजावरून पक्ष्याचे नाव सुचवितात. तथापि तो केवळ तर्क असतो; पक्षी प्रत्यक्ष पाहून त्याची खातरजमा करणे इष्ट.

पाचवा वर्ग छायाचित्रकारांचा. अंकीय कॅमेरे आल्यापासून त्यांची संख्या पुष्कळ वाढली आहे. उत्तम छायाचित्र हा ओळखीचा भक्कम पुरावा ठरतो आणि ज्यांना खाडीवर जाता येत नाही त्यांच्यापर्यंत पक्षी पोहोचवितो. मात्र चांगल्या चित्राच्या हव्यासापोटी घरट्याजवळ जाणे, फांद्या छाटणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला वारंवार बोलाविणे हे प्रकार सर्वथा त्याज्य होत.

सहावा वर्ग एकाच पक्ष्याच्या जीवनक्रमाचा पाठपुरावा करणाऱ्यांचा. या वाटेचा आदर्श डॉ. सलीम अली यांनी घालून दिला. त्यांनी १९३० मध्ये अलिबागजवळील किहीम येथे सुगरण पक्ष्याचे दिवसेंदिवस निरीक्षण केले. नर अर्धवट घरटे विणून ठेवतो, माद्या येऊन त्याची पाहणी करतात, पसंत पडल्यास मादी ते स्वीकारते, मग नर ते पूर्ण करतो आणि दुसऱ्या घरट्याच्या कामास लागतो, हा क्रम त्यांनी उलगडून दाखविला. यासाठी दुर्मीळ पक्षी वा दूरचे अरण्य लागले नाही. गावकुसाजवळची झाडे आणि चिकाटी पुरेशी ठरली. वसईच्या वाड्यांतील सुगरणीही अशा अभ्यासाची वाट पाहत आहेत.

छंदातून उभी राहिलेली परंपरा

भारतातील पक्षिविज्ञानाच्या उभारणीत नोकरी-व्यवसाय सांभाळून छंद जोपासणाऱ्या व्यक्तींचा वाटा मोठा आहे. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी ज्यांचे नाव निगडित आहे ते अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे मुलकी सेवेतील अधिकारी होते आणि १८७२ पासून ते पक्षिविषयक नियतकालिक चालवीत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ निसर्गप्रेमींनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय डॉक्टर होते. त्याच आठांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे साताऱ्यात जन्मलेले गृहस्थ जकात व मीठ खात्यात नोकरीस होते. कामानिमित्त किनाऱ्यावर हिंडताना केलेली निरीक्षणे त्यांनी रंजक शैलीत लिहून ठेवली. मुंबईच्या नेहमीच्या पक्ष्यांवरील त्यांचे पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले. मीठ खात्यातील एक अधिकारी पक्ष्यांचा लेखक व्हावा, यातील औचित्य मिठागरांच्या वसईला विशेष जाणवावे.

सलीम अली यांचा (१८९६-१९८७) या क्षेत्रातील प्रवेशही कुतूहलातूनच झाला. लहानपणी मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, ती कोणती याचा शोध घेण्यासाठी ते सोसायटीच्या कार्यालयात गेले आणि त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघाले. हुमायून अब्दुलअली यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबई व साष्टी येथील पक्ष्यांची सूचीही सिद्ध केली. साष्टी म्हणजे वसईच्या खाडीचा पलीकडचा तीर. त्यामुळे आजच्या निरीक्षकाला तुलनेसाठी ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीचा आधार शेजारीच उपलब्ध आहे.

मराठी भाषेत हा विषय रुजविण्याचे श्रेय वनाधिकारी मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांच्याकडे मोठ्या प्रमाणात जाते. नोकरीच्या काळात रानात ऐकलेली पक्ष्यांची लोकनामे त्यांनी संग्रहित केली आणि त्यांतून त्यांचा 'पक्षिकोश' साकार झाला. १९८१ मध्ये लोणावळा येथे महाराष्ट्रातील पक्षिमित्रांचे पहिले संमेलन भरले आणि विखुरलेल्या निरीक्षकांना एकत्र येण्याचे व्यासपीठ लाभले. चितमपल्ली यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांमधील आठवडा राज्य शासनाने २०२० पासून 'पक्षी सप्ताह' म्हणून साजरा करण्यास प्रारंभ केला आहे.

नोंदीचे मोल

पाहण्याचा आनंद पाहणाऱ्यापुरता असतो. नोंद मात्र पुढील पिढ्यांच्या उपयोगी पडते. याचे सर्वांत बोलके उदाहरण गिधाडांचे आहे. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८० च्या दशकात गिधाडांची मोजणी करून ठेवलेली होती. त्या वेळी हा पक्षी इतका विपुल होता की तो मोजण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणासही पडला असता. १९९० च्या दशकात पुन्हा मोजणी झाली तेव्हा जुन्या आकड्यांमुळेच भयंकर घसरण उघडकीस आली. २००४ मध्ये तिचे कारण स्पष्ट झाले. गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जात होते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करीत होते. २००६ मध्ये भारतात या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. सामान्य वाटणाऱ्या पक्ष्याचीही मोजणी का करावी, याचे हे उत्तर आहे.

नोंदी कधी समजुतीही दुरुस्त करतात. चिमणी देशातून नाहीशी होत चालली, असे सर्रास म्हटले जाते. देशभरातील निरीक्षकांच्या नोंदींवरून २०२० मध्ये तयार झालेल्या भारतीय पक्ष्यांच्या स्थितिदर्शक अहवालात असे आढळले की, मोठ्या शहरांत चिमणी घटली असली तरी देशाचा एकूण विचार करता तिची संख्या स्थिर आहे. २०२३ च्या अशाच अहवालासाठी सुमारे ३० हजार पक्षिनिरीक्षकांच्या ३ कोटी नोंदी उपयोगात आल्या आणि ९४२ जातींच्या स्थितीचा विचार झाला. इतके मोठे काम केवळ वेतनभोगी संशोधकांकडून होणे अशक्य होते. ते हौशी माणसांनी केले.

वसई-विरारच्या दृष्टीने या गोष्टीला तातडीचे महत्त्व आहे. चार नगरपरिषदा आणि अनेक गावे एकत्र येऊन ३ जुलै २००९ रोजी येथे महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिच्या क्षेत्रातील लोकसंख्या १२ लाखांहून अधिक भरली. इतक्या लोकांना घरे, रस्ते व पाणी हवे, हे निर्विवाद. परंतु त्यासाठी भराव पडताना बावखले, खाजणे आणि मिठागरे यांचा बळी जातो. अशा सखल जागा पावसाचे व भरतीचे पाणी सामावून घेतात. जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसई-विरारचा मोठा भाग जलमय झाला आणि मिठागरांतील वस्तीला पाण्याने वेढले, हे येथील रहिवासी विसरलेले नाहीत. कोणती जागा पाणथळ आहे याविषयी वाद उद्भवतो, तेव्हा 'येथे पूर्वी पक्षी येत असत' हे मोघम विधान फारसे टिकत नाही. अमुक तारखेस, अमुक ठिकाणी, अमुक जातीचे इतके पक्षी मोजले, अशी दहा वर्षांची सलग नोंद असेल तर तिची दखल घ्यावीच लागते. शेजारच्या ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांच्या क्षेत्रास २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. एखाद्या जागेचे असे मोल सिद्ध करताना पक्ष्यांच्या गणनेचा आधार मोलाचा ठरतो.

आरंभ कसा करावा?

या छंदास लागणारी सामग्री थोडी आहे. एक वही, पेन्सिल, पक्ष्यांचे सचित्र पुस्तक आणि शक्य असल्यास दुर्बीण. दुर्बिणीवर ८×४० असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढील भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवितो. आठपट शक्तीची दुर्बीण नवख्याला सोयीची. त्याहून फार मोठी घेतल्यास हात कापला तरी दृश्य हलते.

वहीत दिनांक, वेळ, ठिकाण, हवामान, किनाऱ्यावर असल्यास भरती की ओहोटी, पक्ष्याचे नाव, संख्या आणि तो काय करीत होता, एवढे लिहावे. ओळख न पटल्यास नाव ठोकून देऊ नये. आकार, चोच, पाय, रंग व चाल यांचे वर्णन आणि एक साधी रेखाकृती काढून ठेवावी. मोठा थवा मोजताना प्रथम दहा पक्षी मोजून ते थव्याचा किती भाग व्यापतात हे नजरेत ठेवावे आणि तेवढे भाग किती होतात ते पाहून एकूण अंदाज करावा. पक्षी दिसला नाही, हीही नोंदच असते. ही माहिती 'ईबर्ड' या जागतिक संकेतस्थळावर चढविल्यास ती संशोधकांना उपलब्ध होते. दर वर्षी जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि फेब्रुवारीत परसातील पक्ष्यांची चार दिवसांची गणना असते. नवख्यांनाही त्यांत सहभागी होता येते.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. भरतीच्या वेळी विसावलेला थवा उडवू नये. दूरच्या प्रवासासाठी साठविलेली शक्ती त्यात व्यर्थ जाते. कुरवांना शेव-गाठ्या खाऊ घालू नयेत, कारण तो त्यांचा नैसर्गिक आहार नव्हे. घरट्यांची ठिकाणे जाहीर करू नयेत. खाडीच्या दलदलीत एकट्याने उतरू नये. भरतीची वेळ व स्थानिक कोळी बांधवांचा सल्ला ध्यानी घ्यावा. पायात वाळे असलेला पक्षी मृत वा जखमी आढळल्यास वाळ्यावरील अक्षरे व क्रमांक टिपून वन विभागास कळवावेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार वन्य पक्षी पकडणे, मारणे वा त्यांची अंडी काढणे हा गुन्हा आहे. पिंजऱ्यातील पोपटही त्यास अपवाद नाही.

शाळा आणि पंचायती यांचे कार्य

हा छंद व्यक्तीपुरता न राहता गावाचा व्हावा, यासाठी फार मोठ्या तरतुदीची आवश्यकता नाही. शाळेने एक बावखल, एक तळे किंवा मिठागराचा एक बांध निवडावा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, अर्धा तास तेथील पक्षी मोजावेत आणि ते एका कायमच्या वहीत उतरवावेत. शिक्षक बदलले, विद्यार्थी उत्तीर्ण होऊन गेले, तरी वही शाळेतच राहावी. पक्षी सप्ताहात तिचे वाचन व्हावे. आजी-आजोबांकडून पक्ष्यांची स्थानिक नावे विचारून ती त्याच वहीत नोंदविल्यास कुपारी, वाडवळी, आगरी, कोळी व वारली बोलींतील शब्दधनही जतन होईल.

जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ही वही एकदा भरून कपाटात ठेवण्यासाठी नसते. शाळेची मासिक नोंद तिच्यात दर वर्षी समाविष्ट केल्यास ती जिवंत राहील. गावात एखादा भराव, रस्ता वा बंधारा प्रस्तावित झाला तर ग्रामसभेसमोर ती आधारभूत कागद म्हणून ठेवता येईल. गावातील बावखलांची व तळ्यांची गणना करून त्यांचा गाळ काढणे आणि काठची झाडी राखणे ही कामे हाती घेतल्यास पक्ष्यांबरोबर विहिरींचे पाणीही टिकून राहील.

येत्या हिवाळ्यात पाहुणे पुन्हा वसईच्या किनाऱ्यावर उतरतील. त्यांना पाहण्यासाठी तिकीट लागत नाही, परवानगी लागत नाही आणि तज्ज्ञ असण्याचीही अट नाही. पाहिलेले लिहून ठेवावे, एवढीच अपेक्षा आहे. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर दिनांक घालून 'बावखलाच्या काठी दोन खंड्ये, एक पाणकोंबडी' एवढी एक ओळ उतरली, तरी त्या गावाच्या पक्षिइतिहासास आरंभ झाला असे समजावे.